आनंदीबाई आधी की रखमाबाई? पाच मिनिटांत दोन व्यक्तींची तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी अकरावी कला शाखेत आहे. इतिहासाच्या तासाला पाच मिनिटांत दोन व्यक्तींची तुलना सादर करायची आहे आणि तिने डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. रखमाबाई यांना निवडलं आहे. माहिती भरपूर जमली, चौदा स्लाइड झाल्या, आणि घरी वाचून पाहिलं तर अकरा मिनिटं लागली. आधी कुणाबद्दल सांगू, साम्य आणि फरक शेवटी घेतले तर चालेल का, आणि मध्येच विसरले तर काय करू, असं तिने विचारलं आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. अशी सादरीकरणं दर वर्षी ऐकते आणि गुणही देते. त्यामुळे शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या बाईंना काय दिसतं, ते सांगते.

निवड उत्तम आहे हे आधी सांगून टाकते. टिळक-आगरकर आणि गांधी-आंबेडकर या जोड्या ऐकून आमचे कान किटलेले असतात. पण तुझी अडचण माहिती जास्त झाली ही आहे असं मला वाटत नाही. स्लाइड न बघताही मी अंदाज करते: सहा आनंदीबाईंच्या, सहा रखमाबाईंच्या, एक साम्य आणि फरकाची, आणि शेवटी गुलाबाच्या फुलासह ‘धन्यवाद’. ही दोन चरित्रं झाली, आणि त्यांना मागून तुलनेची शेपटी जोडली. त्या शेपटीपर्यंत पोहोचेपर्यंत चार मिनिटं संपतात, मग तुलना तीस सेकंदांत उरकली जाते. तुला गुण मात्र त्याच तीस सेकंदांचे मिळणार असतात.

यात तुझा दोष नाही. आपण तुलना शिकतो ती ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नातून. मधोमध उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, चार मुद्द्यांचे चार गुण. उत्तरपत्रिकेत ते चालतं, कारण तपासणारा डोळे डावीकडून उजवीकडे फिरवू शकतो. ऐकणाऱ्याला तसं मागे जाता येत नाही. रखमाबाईंच्या लग्नाचं वय तू तिसऱ्या मिनिटाला सांगशील, तेव्हा आनंदीबाईंचं पहिल्या मिनिटाला सांगितलेलं वय वर्गाच्या डोक्यातून केव्हाच गेलेलं असेल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुलाच विचारून घ्याव्या लागतील. गुणांची विभागणी कशी आहे? काही ठिकाणी आशयाला जास्त गुण असतात, काही ठिकाणी सादरीकरणाला. पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच, घंटा वाजवून, की ‘साधारण पाच’? शेवटी प्रश्न विचारले जाणार का, आणि ते या पाचातच धरणार का? प्रोजेक्टर नक्की असेल का? तुमच्या बाईंनी किंवा सरांनी मुद्द्यांचा ठरलेला साचा दिला असेल, जसं जन्म, शिक्षण, कार्य, सन्मान, तर तो मोडू नकोस. त्या साच्यातच मी पुढे सांगते तसा क्रम बसव. आणि वर्गात आधीच कुणी आनंदीबाईंवर बोललं असेल तर तुझं काम निम्म्याने हलकं झालं.

मोकळीक असेल तर मी काय करायला सांगते? स्लाइड बंद कर. एक कोरा कागद आडवा घे आणि त्यावर दोन समांतर रेघा ओढ, वरची आनंदीबाईंची, खालची रखमाबाईंची. दोघींच्या आयुष्यातली सालं त्या त्या रेघेवर मांडत जा. सालावळ्या पाठ करायचा मला स्वतःला कंटाळा आहे, पण या जोडीच्या बाबतीत हा कागद फार बोलतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे अंतर जेमतेम चार महिन्यांचं. लग्न आनंदीबाईंचं नवव्या वर्षी, रखमाबाईंचं अकराव्या. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, रखमाबाईंना नांदायला पाठवावं म्हणून त्यांचे नवरे दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. त्याच वर्षी इकडे अपिलात रखमाबाईंचा निकाल फिरला आणि खटला पुन्हा उभा राहिला.

आणि मग १८८७. २६ फेब्रुवारीला आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. ४ मार्चला न्यायमूर्ती फॅरन यांनी मुंबईत निकाल दिला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मधे सहा दिवस.

या सहा दिवसांवर बोट ठेव. तुझ्या सादरीकरणाचं दार तिथे आहे. एकाच आठवड्यात महाराष्ट्रात दोन तरुण बायकांच्या बातम्या: एक डॉक्टर होऊन परत आली आणि गेली, दुसरीला सुनावलं की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. जिला तुरुंग सांगितला तीच पुढे डॉक्टर झाली आणि १९५५ पर्यंत जगली. एवढं ऐकल्यावर वर्गातल्या कुणालाही पुढचं ऐकावंसं वाटेल, आणि हे सगळं सांगायला तुला चाळीस सेकंद पुरतात.

दार सापडलं, आता आत काय ठेवायचं? इथे एकच प्रश्न लागतो, जो दोघींनाही विचारता येईल आणि ज्याची दोघींची उत्तरं वेगळी येतील. ‘दोघींचं कार्य काय’ हा असा प्रश्न नव्हे, ती नुसती फाइल झाली. माझ्या मते या जोडीचा प्रश्न हा आहे: आपल्या आयुष्याचा निर्णय या दोघींपैकी कुणाला किती घेता आला, आणि त्याची किंमत कुणी मोजली? तुला दुसरा सुचला तर तो घे. चाचणी सोपी आहे. जमवलेली प्रत्येक माहिती त्या प्रश्नापुढे धर आणि विचार, हिने उत्तराला काही मदत होते का? नसेल तर ती कितीही सुंदर असली तरी बाहेर. शुक्रावरच्या एका विवराला आनंदीबाईंचं नाव दिलेलं आहे. छान माहिती आहे, पण बाहेर. गूगलने दोघींचीही डूडल केली होती, तीही बाहेर.

हा प्रश्न घेतलास तर पहिला मुद्दा नवऱ्याचा येतो आणि तो सगळ्यांना दिसतो. एकीच्या नवऱ्याने शिकायला ढकललं, दुसरीच्या नवऱ्याने कोर्टातून ओढलं. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात: गोपाळराव चांगले, दादाजी वाईट. तू इथे थांबू नकोस. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते, बिजवर होते, बायकोपेक्षा वयाने खूप मोठे होते. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टात मारहाणही होती. आनंदीबाईंच्याच पत्रांत तिचे उल्लेख आहेत. म्हणजे शिक्षणाचा पहिला निर्णय आनंदीबाईंचा नव्हताच, तो नवऱ्याचा होता. पण डॉक्टर व्हायचं हा निर्णय? चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे त्यानंतर त्यांच्या मनाने घेतलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी लोकांपुढे उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असंही सांगितलं. गोपाळरावांना मागे ठेवून त्या समुद्रापार गेल्या. ढकललेली मुलगी एका वळणावर स्वतःच्या पायांनी चालू लागली. ते वळण तुला दाखवता आलं तर तुझं अर्धं काम झालं.

रखमाबाईंकडे उलटं घडलं. त्यांनी आधी ‘नाही’ म्हटलं आणि डॉक्टर होणं नंतर आलं. वडील लहानपणीच गेले होते. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, आणि सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती म्हणून ते शक्य झालं. आनंदीबाईंच्या ब्राह्मण घरात ही गोष्ट तेव्हा जवळपास अशक्य होती. हे एक वाक्य जरूर घे. जातीचा उल्लेख टाळला की तुलना लंगडी होते, कारण दोघींना मिळालेली मोकळीक आणि त्यांच्यावरची बंधनं सारखी नव्हती. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरी राहून वाचत राहिल्या आणि सासरी गेल्या नाहीत. माझी संमती घेण्याचं वय नसताना लावलेलं लग्न मला बांधत नाही, ही त्यांची भूमिका होती. आज आपल्याला हे वाक्य साधं वाटतं. त्या काळात ते कोर्टात म्हणणं म्हणजे काय, हे वर्गाला जाणवू दे.

दुसरा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि नेहमीच्या यादीत तो नसतो. दोघींनाही आपली बाजू जाहीरपणे मांडावी लागली. आनंदीबाईंनी सेरामपूरला व्यासपीठावरून मांडली. रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘अ हिंदू लेडी’ या सहीने पत्रं लिहिली आणि बालविवाहाने मुलींचं काय होतं ते सांगितलं. दोघींनीही इंग्रजीत. एकीने चेहरा दाखवून, दुसरीने नाव झाकून. का? वर्गाला इथे दोन सेकंद विचार करू दे आणि मग तुझं उत्तर दे. माझं उत्तर असं की आनंदीबाई नवऱ्याच्या संमतीने बोलत होत्या, त्यामुळे त्यांना नाव झाकण्याची गरज नव्हती. रखमाबाई लग्नाच्याच विरोधात बोलत होत्या, तेही खटला चालू असताना. तुझं उत्तर वेगळं असलं तर उत्तमच. विद्यार्थ्याने स्वतः काढलेलं एक अनुमान ऐकू आलं की आम्ही वहीत लगेच खूण करतो.

तिसरा मुद्दा मदतीचा. हा लवकर आटप. आनंदीबाईंना न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी आसरा दिला. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना त्यांनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. रखमाबाईंच्या मागे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची उभ्या राहिल्या. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले, तेव्हा या मदतीचं मोल आणखी वाढलं. इथे फरक शोधत बसू नकोस, हे साम्य आहे. दोघींच्याही मागे एक परकी बाई उभी होती. एवढं पुरे.

चौथा मुद्दा शेवटाचा, म्हणजे किंमत कुणी मोजली. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक झाली होती, पण रुजू व्हायच्या आतच त्या गेल्या. रखमाबाईंनी, नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन असं सांगितलं. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटलं आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. मग १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत गेली. मुलींच्या संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि वय दहावरून बारा झालं. त्यामागच्या वादाला रखमाबाईंच्या खटल्याने मोठी हवा दिली होती.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी एक प्रश्न, मग दोन समांतर रेघा, आणि प्रत्येक मुद्द्यावर दोघी एकाच श्वासात. ‘आधी कुणाबद्दल सांगू’ याचं उत्तर आता तुझं तुलाच मिळालं असेल. कुणाबद्दलच आधी नाही. प्रत्येक मुद्द्यात मात्र क्रम सारखा ठेव: आधी आनंदीबाई, कारण त्या वर्गाला माहीत आहेत, मग रखमाबाई. माहीत असलेल्यावर एक वाक्य, माहीत नसलेल्यावर तीन. वेळ दोघींना समसमान वाटून द्यायची गरज नाही. आनंदीबाईंचं बालपण कल्याणला गेलं, माहेरचं नाव यमुना होतं, हे सांगण्यात गेलेली वीस सेकंदं रखमाबाईंच्या खटल्यातून कापलेली असतात.

एकच अपवाद सांगते. दोन्ही व्यक्ती वर्गाला पूर्ण अनोळखी असतील, समज एखादी जपानी आणि एखादी इटालियन शास्त्रज्ञ, तर मुद्द्यागणिक इकडून तिकडे उड्या मारल्या की ऐकणारा हरवतो. तेव्हा सुरुवातीला प्रत्येकीची तीन-चार वाक्यांत ओळख करून द्यावी आणि मगच तुलनेला लागावं. तुझ्या जोडीला हे लागणार नाही.

काही खड्डे आधीच दाखवून ठेवते. पहिला ‘कोण श्रेष्ठ’ हा. तुलना म्हणजे स्पर्धा नव्हे. एकीला एकवीस वर्षं मिळाली, दुसरीला नव्वद. कामाची बेरीज करून निकाल लावणं अन्यायाचं आहे, आणि ‘आनंदीबाई जगल्या असत्या तर’ या वाटेला तर जाऊच नकोस. तिथे इतिहास संपतो. दुसरा खड्डा ‘पहिली महिला डॉक्टर’ हा. आनंदीबाईंना १८८६ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, आणि रखमाबाईंच्या नावापुढे ‘प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पहिल्या’ अशी पदवी अनेक ठिकाणी लावलेली दिसते. या ‘पहिल्या’च्या भानगडीत शिरलीस की एक मिनिट गेलंच, आणि तुझ्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंधही नाही. तिसरा खड्डा बिरुदांचा: आनंदीबाई म्हणजे ‘त्याग’ आणि रखमाबाई म्हणजे ‘बंड’. अशा पाट्या लावल्या की माणसं चपटी होतात. दादाजींशी कधीच न नांदलेल्या रखमाबाईंनी, दादाजी वारल्यावर विधवेचा पांढरा वेश घेतला. ‘बंडखोर’ या पाटीखाली ही गोष्ट बसते का? बसत नाही, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे. अर्धं मिनिट हातात उरलं तर तेव्हा सांग, कारण म्हणून काही चिकटवू नकोस. वर्गच बोलू लागेल.

आता बोलण्याकडे वळू. मराठीत समजेल अशा बेताने बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाचशेच्या आसपास. तू साडेचारशे धर, कारण वर्गात कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी हसतं, तू स्वतः एकदा अडखळतेस. साडेचारशे शब्द म्हणजे फुलस्केपची जेमतेम दीड-दोन पानं. तुझा अकरा मिनिटांचा मजकूर भराभर वाचून पाचात बसवू नकोस. अनेक जण तेच करतात आणि मागे बसलेल्यांना फक्त आगगाडी गेल्याचा भास होतो. कापायचं असतं ते मुद्दे कापायचे. वेग तोच ठेवायचा.

सुरुवातीला ‘आदरणीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधू-भगिनींनो’ लागतं का? वक्तृत्व स्पर्धेत लागतं. वर्गात ‘नमस्कार’ पुरतो. त्यापाठोपाठ थेट: “१८८७ साल. फेब्रुवारीच्या २६ तारखेला पुण्यात एक तरुण डॉक्टर बाई वारली. त्यानंतर सहा दिवसांनी मुंबईच्या कोर्टाने तिच्याच वयाच्या दुसऱ्या बाईला सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात.” थांब. मग नावं सांग. मग तुझा प्रश्न मांड. शेवटही ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ने करू नकोस. सुरुवातीला जो प्रश्न विचारलास त्याचं तुझं उत्तर दोन वाक्यांत दे आणि गप्प बस. ते उत्तर ठाम असलं पाहिजे असंही नाही. ‘मला वाटतं, आनंदीबाईंना निर्णय उशिरा घेता आला आणि रखमाबाईंना तो टिकवून धरावा लागला’ असं काही चाललं तरी चालेल, फक्त ते तुझं हवं.

स्लाइड चौदाच्या चार कर. पहिलीवर दोघींचे फोटो शेजारी शेजारी, खाली फक्त नावं आणि जन्म-मृत्यूची सालं. दुसरीवर त्या दोन समांतर रेघा, आणि ही स्लाइड बराच वेळ पडद्यावर राहू दे. आनंदीबाईंचा १८८५ मधला तो प्रसिद्ध फोटो, ज्यात जपानची केई ओकामी आणि सिरियाची साबात इस्लामबुली त्यांच्यासोबत आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत, तो तिसरीवर टाक. आनंदीबाई परदेशातही साडीत होत्या हे तिथे न सांगता दिसतं. चौथीवर तुझा प्रश्न, एका ओळीत. परिच्छेदच्या परिच्छेद पडद्यावर टाकून ते वाचून दाखवलेस तर वर्ग तुझ्याकडे पाठ करून पडदा वाचेल, आणि तुझ्याआधी वाचून संपवेल. फळ्यावरही हेच जमतं. खडूने दोन रेघा ओढायला वीस सेकंद लागतात. वीज गेली तर काय, हा विचार आदल्या दिवशीच झालेला बरा.

विसरण्याची भीती सगळ्यांना असते. तरी सगळा मजकूर शब्दशः पाठ करू नकोस. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन, एवढीच पाठ कर. मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद हातात ठेव. त्यावर चार मुद्द्यांचे चार शब्द: नवरा, आवाज, मदत, किंमत. बाजूला सालं. कागदाकडे उघडपणे बघितलंस तरी कुणी गुण कापत नाही. चोरून बघितलं की मात्र लक्ष तिकडे जातं.

तुलनेसाठी एक युक्ती माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी उपयोगी पडते. आनंदीबाईंबद्दल बोलताना फळ्याच्या एका बाजूला उभी राहा, रखमाबाईंबद्दल बोलताना एक पाऊल दुसऱ्या बाजूला सरक. फोटोंच्या स्लाइडवर ज्या बाजूला ज्या असतील तसंच. नाटकी वाटेल इतकं नको, एकच पाऊल. ऐकणाऱ्याला नाव न घेताही कळतं की आता कुणाबद्दल चाललं आहे, आणि तुलाही क्रम आठवतो. नावांबद्दल मात्र सावध राहा. घाईत ‘रखमाबाई’चं हमखास ‘रमाबाई’ होतं, आणि त्या काळात पंडिता रमाबाईही आहेत आणि रमाबाई रानडेही. पंडिता रमाबाई तर आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर होत्या, म्हणजे घोळ व्हायला पूर्ण वाव आहे. सरावात हे नाव मोठ्याने म्हण. आणि सराव उभं राहून कर, मोबाइलवर वेळ लावून, घरातल्या कुणापुढे तरी. आजीपुढे केलास तर आणखी चांगलं, तिला जिथे कळलं नाही तिथे ती नक्की टोकेल.

प्रश्न विचारले गेले तर एक प्रश्न जवळपास नक्की येईल: टिळक रखमाबाईंच्या विरोधात होते का? होते. केसरीने त्यांच्या विरोधात लिहिलं होतं. परक्या सरकारने आपल्या घरातल्या रूढींत कायद्याने हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती, आणि सुधारकांची बाजू घेणारे आगरकर नेमके याच काळात केसरीतून बाहेर पडले. एवढं शांतपणे सांग. टिळकांची बाजूही घ्यायची नाही आणि त्यांना झोडपायचंही नाही. तुझा विषय त्या दोन बायका आहेत. ‘तुला कोण जास्त आवडली’ असंही कुणीतरी विचारेल. त्याला मनापासून उत्तर दे, तिथे तटस्थ राहायची गरज नाही.

शेवटची एक शक्यता, जी वर्गात हटकून घडते. तुझ्या आधीचा विद्यार्थी लांबतो, तास संपत येतो आणि बाई म्हणतात, “तू दोन मिनिटांत आटप.” तेव्हा भराभर सगळं सांगायला जाऊ नकोस. १८८७ च्या त्या सहा दिवसांची सुरुवात आहे तशी ठेव, नाव झाकलेल्या पत्रांचा मुद्दा घे, शेवटची दोन वाक्यं म्हण. नवरा, मदत, किंमत हे सगळं सोडून दे. त्यातलं काही विचारलं गेलं तर उत्तर तुझ्याकडे तयार आहेच.